साडेसहाची बस: घरून काम करणाऱ्या एका टीमचं प्रकरण

मे २०२२ मध्ये आमच्या कंपनीच्या वार्षिक एंगेजमेंट सर्व्हेचा, म्हणजे माणसं कामात किती मनापासून गुंतली आहेत याच्या पाहणीचा, निकाल लागला, तेव्हा एका टीमचा रकाना वरपासून खालपर्यंत हिरवा होता. बारा माणसं, दोन वर्षं पूर्णवेळ घरून काम करणारी. ‘मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो’ हिरवं. ‘नेमून दिलेल्यापेक्षा जास्त करायची माझी तयारी असते’ तर गडद हिरवं. मी एचआरमध्ये आहे. तो तक्ता व्यवस्थापनापुढे मीच मांडला आणि ‘घरून काम यशस्वी’ असं त्यावर शीर्षकही मीच घातलं.

पुढच्या तीन महिन्यांत त्याच टीममधून तीन राजीनामे आले.

हे प्रकरण त्या टीमचं आहे. कोणाचं नाव देत नाही, आणि त्याने काही अडणारही नाही. आमच्याकडे जुन्या बस-यादीत माणसं त्यांच्या थांब्यावरूनच ओळखली जायची: धायरी आली का, मोशीला फोन लावा, वाकड आज सुट्टीवर. इथेही तेच चालवते.

टीमचं काम ब्रिटनमधल्या एका विमा कंपनीच्या क्लेमच्या सिस्टिमची देखभाल. नवीन काही बांधायचं नसतं. मोडलेलं दुरुस्त करायचं, तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद करायच्या, महिन्यातून एक रिलीज, म्हणजे दुरुस्त्यांची नवी आवृत्ती. लंडनशी आपला वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे तिकडे नऊला ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड किंवा अडीच वाजलेला असतो, आणि तिकडचे पाच म्हणजे आपली रात्र. हा फरक पहिल्यापासूनच होता. पण २०२० पर्यंत त्याला एक कुंपण होतं. पुण्याच्या हिंजवडी फेज दोनहून साडेसहाला कंपनीची बस सुटायची. वाकड, बावधन, चांदणी चौक, वारजे, नवले पूल, धायरी. ड्रायव्हरकाका पाच मिनिटं थांबायचे, सहाव्या मिनिटाला नाही. बस चुकली तर मग वाकडच्या पुलाखाली पीएमपीची वाट बघत उभं राहायचं. त्यामुळे सहा वाजून वीस मिनिटांनी कॉल कितीही रंगात आलेला असो, इकडून कोणीतरी ‘बस आहे’ म्हणायचंच. क्लायंटलासुद्धा ती बस पाठ झाली होती. सव्वासहानंतर ते नवा विषय काढायचे नाहीत.

९ मार्च २०२० ला राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मधल्या पंधरवड्यात आम्ही टीम घरी पोहोचवली. धायरीने आपला मॉनिटर चादरीत गुंडाळून रिक्षात मांडीवर घेऊन नेला. जुलैत बसचं कंत्राट बंद केलं. किती पैसे वाचले याचा तक्ता, अर्थात, मीच केला होता. नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने आयटी आणि बीपीओ कंपन्यांसाठीचे घरून कामाचे नियम सैल केले, आणि आमच्या वरिष्ठांनी ठरवून टाकलं की हे आता असंच चालू ठेवू.

तीन राजीनामे

पहिला मोशीचा. सहा वर्षांचा अनुभव, हातात दुप्पट पगाराची ऑफर. ते वर्षच तसं होतं, बाजार तापलेला होता. याचा घरून कामाशी काही संबंध नव्हता, आणि उगाच जोडायचाही नाही. शुभेच्छा दिल्या, विषय संपला.

दुसरा वाकडचा. पोरगा परभणीचा, जानेवारी २०२१ मध्ये फ्रेशर म्हणून लागलेला. लॅपटॉप कुरियरने गेला, ओळखपत्र कुरियरने गेलं. एकोणीस महिने नोकरी केली आणि ऑफिसची इमारत एकदाही आतून पाहिली नाही. व्हिडिओ कॉलवरच्या एक्झिट इंटरव्ह्यूत ‘पर्सनल रीझन’ एवढंच म्हणाला. आमच्या फॉर्ममध्ये तो पर्याय आहे, त्यावर बरोबरची खूण केली की फॉर्म पूर्ण होतो. मी पिंपळे सौदागरला राहते, वाकड शेजारीच. लॅपटॉप परत घ्यायचाच होता, म्हणून शनिवारी मीच गेले.

दत्त मंदिर रोडला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, त्यात पाच मुलं, पाच वेगवेगळ्या कंपन्या, सगळे घरून. हॉलमध्ये दोघं, दोन बेडरूममध्ये एकेक. हा सगळ्यात उशिरा राहायला आलेला, म्हणून त्याच्या वाट्याला ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन, मशीनवर पुठ्ठ्याचा खोका, खोक्यावर लॅपटॉप. बसायची सोयच नव्हती. ‘स्टँडिंग डेस्क आहे मॅडम,’ तो हसून म्हणाला. भिंतीला सेलोटेपने एक कागद चिकटवला होता: ‘कपडे दुपारी २ च्या आत.’ दोन वाजता याचा स्टँडअप, म्हणजे टीमचा रोजचा छोटा कॉल, असायचा. मशीन ड्रायरला लागली की लॅपटॉप थरथरतो आणि तिकडून ‘प्लीज म्यूट’ येतं. एकोणीस महिने तो बहुतेक म्यूटवरच होता.

मी विचारलं, काय बिघडलं? त्याला नीट सांगता येईना. काम आवडत होतं. कोणी त्रास दिला नव्हता. मग हळूहळू म्हणाला, ‘प्रश्न विचारायला फार वेळ लागायचा.’ मला कळलं नाही. त्याने चॅट उघडून दाखवलं. आधी ‘हाय सर’. समोरून ‘हाय’ आलं की ‘बिझी आहात का’. मग प्रश्न तीनदा लिहून खोडायचा, मूर्खासारखा वाटू नये म्हणून. पलीकडून ‘टायपिंग’ दिसायचं, थांबायचं, आणि वीस मिनिटांनी एक लिंक यायची. महिनाअखेरच्या बॅच जॉबच्या एका गुंत्यात त्याने दोन दिवस घातले होते. टीम लीडला तो गुंता तोंडपाठ होता. शेजारी खुर्ची असती तर फिरवून पाच मिनिटांत सुटला असता.

नवी नोकरी खराडीत होती. पगार जवळजवळ तेवढाच, आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला जायचं, तेही वाकडहून. पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, अरे, वेडा आहेस का? तो म्हणाला, ‘इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यांनी कँटीनमध्ये जेवायला नेलं, मॅडम. चौघं जण होते. मी कोण, कुठला, विचारत होते.’ लॅपटॉप बॅगेत भरताना त्याने स्वतःहूनच सांगितलं, ‘सर्व्हेत मी सगळीकडे सहमत दिलं होतं. कामाबद्दलच विचारलं होतं ना. काम चांगलंच होतं.’

त्याची गोष्ट निव्वळ भावनेची नव्हती, हे मला पुढच्या वर्षी कळलं. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञांनी चेन्नईत केलेल्या एका प्रयोगाचा पेपर आला. डेटा एंट्रीचं काम करणाऱ्या नव्या लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं घर आणि ऑफिस असं वाटून दिलं होतं. घरी बसलेल्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. त्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक पहिल्या दिवसापासून होता. उरलेला नंतर पडत गेला, कारण ऑफिसातले लोक जास्त वेगाने शिकत होते. आमच्या वाकडच्या बाबतीत पहिल्या दिवसाचा फरक मला मोजता येणार नाही. दुसरा मात्र मी त्या चॅटमध्ये डोळ्यांनी पाहिला.

तिसरा राजीनामा कोथरूडचा, म्हणजे खुद्द टीम लीडचा. याने मात्र आमची सगळ्यांची झोप उडाली. माणूस सेहेचाळीस वर्षांचा, कंपनीत चौदा वर्षं. घरून कामासाठी काय काय हवं याची आम्ही जी यादी लोकांना पाठवायचो, त्यातलं सगळं त्यांच्याकडे होतं: वेगळी खोली, खोलीला दार, चांगली खुर्ची, फायबर, इन्व्हर्टर. आणि हातात दुसरी नोकरी नव्हती. नुसतं थांबायचं होतं.

त्यांनी मला आपलं कॅलेंडर दाखवलं. अर्ध्या अर्ध्या तासाचे निळे चौकोन, सकाळी साडेनऊपासून रात्री पावणेदहापर्यंत. ‘पूर्वी मी टीम बघायचो,’ ते म्हणाले. ‘चहाला जाताना एक चक्कर मारली की कळायचं, कोण अडलंय, कोणाचं घरी काही झालंय. आता ते कळायला प्रत्येकाला अर्धा तास बोलवावं लागतं. आणि बोलावलं की सगळे ठीक आहे म्हणतात.’ आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात हेच चित्र आहे: घरून काम सुरू झाल्यावर कामाचे तास वाढले, मीटिंगा वाढल्या, सलग लक्ष देऊन काम करायचा वेळ घटला, वरिष्ठांशी एकट्याने बोलणं कमी झालं, आणि तासामागे होणारं काम ८ ते १९ टक्क्यांनी उतरलं. हे वाचताना मला ते निळे चौकोन आठवले.

त्यांचे वडील ब्याऐंशी वर्षांचे, त्याच घरात. एकदा जेवताना ते म्हणाले म्हणे, ‘तू ऑफिसला जायचास तेव्हा संध्याकाळी भेटायचास तरी.’ राजीनामा दुसऱ्या दिवशी आला.

राजीनामा आम्ही अडवून ठेवला आणि दोन महिन्यांची रजा दिली. ते परत आले. पण तो निर्णय माझा नाही, त्यांच्या वरच्यांचा. मी एकटी असते तर फॉर्म भरून घेऊन मोकळी झाले असते, हे कबूल करायला हवं.

धायरी

उरलेल्या नऊ जणांशी मी एकेकट्याने बोलले. बरेचसे खरोखरच मजेत होते. एक जण लातूरला आई-वडिलांकडे जाऊन राहिला होता, पुण्याचं भाडं वाचत होतं, शेतावर संध्याकाळी चक्कर मारत होता. त्याला पुन्हा हिंजवडीच्या शिवाजी चौकात उभं करायचं म्हणजे शिक्षाच. औंधच्याचं ऑफिस अगदी घराशेजारी असतं तरी तो आला नसता. गर्दीच आवडत नाही, शांत काम करतो, तोही मजेत. घरून कामाच्या बाबतीत सगळ्यांना एकाच मापाचा सदरा बसेल असं जे दोन्ही बाजूंचे लोक ठासून सांगतात, त्यांनी ही बारा माणसं बघावीत.

धायरी सगळ्यात वर होती. कामाचा दर्जा, वेळेवर उत्तर, क्लायंटची शाबासकी. वय चौतीस, मुलगा चार वर्षांचा, घरात सासूबाई. मला वाटलं, हिला विचारायचं काय, हिचे तर रोजचे तीन तास वाचलेत. तसं म्हटलंही.

‘वाचले ना,’ ती म्हणाली. ‘एक सासूबाईंनी घेतला, एक मुलाने, तिसरा क्लायंटने.’

घरी असते म्हणजे मोकळीच असते, असं सगळ्या बिल्डिंगचं मत होतं. चार मजल्यांवरची पार्सलं वॉचमन तिच्याकडे आणून द्यायचा. गॅस सिलिंडरवाला, मीटर बघायला येणारा, नणंदेच्या मुलीचा क्लास सुटला की दीड तास, सगळं तिच्याकडे. सासूबाई वाईट नाहीत. मुलाला तर त्याच बघतात. पण कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सूनबाईंना हाक मारतात, आणि ती हाक लंडनपर्यंत जाते. नवरा चाकणला कारखान्यात, त्याचं ऑफिस कधी घरी आलंच नाही. आणि या सगळ्यात आपण घरी बसलोय म्हणजे काम करत नाही असं कोणाला वाटू नये, म्हणून ती रात्री साडेदहालाही मेसेजला उत्तर द्यायची, एका मिनिटाच्या आत. सर्व्हेतल्या त्या गडद हिरव्या चौकोनात ही उत्तरंही होती.

मी म्हटलं, मग सर्व्हेत का नाही सांगितलंस?

‘मॅडम, मी सगळीकडे पाचपैकी पाच दिले. कमी दिले असते तर तुम्ही म्हणाला असता, घरून जमत नाहीये, या ऑफिसला.’

आणि मग तिने एक जुनं उकरून काढलं, शांतपणे. २०१९ मध्ये, बाळंतपणाच्या रजेनंतर, तिने घरून काम करायची परवानगी मागितली होती. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात सव्वीस आठवड्यांच्या रजेबरोबरच ही तरतूदही आली: कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल. आम्ही ‘कामाचं स्वरूप तसं नाही’ असं लिहून अर्ज परत केला होता. खाली सही माझी. मार्च २०२० मध्ये तेच काम पंधरा दिवसांत रिक्षात बसून घरी गेलं. तेव्हा आमच्या सर्व्हेवर तिने विश्वास का ठेवावा?

सर्व्हे निनावी असतो म्हणून आम्ही फार अभिमानाने सांगतो. बारा जणांच्या टीममध्ये धायरीसारखी एकच चौतिशीतली टेस्टर असते, त्यामुळे निनावीपणाला अर्थ नसतो. आणि उत्तरं कशासाठी वापरली जाणार हे लोकांना आपल्याआधी कळतं. माझ्यापुढे होतं ते काही कामातल्या ओढीचं मोजमाप नव्हतंच. ‘घरून काम काढून घेऊ नका’ या बाजूने पडलेली ती मतं होती.

गुंतणं

एंगेजमेंटला आमच्या मराठी पोस्टरवर ‘सहभाग’ लिहितात. मला ‘गुंतणं’ जास्त बरोबर वाटतं. मन कामात गुंततं, आणि पतंगाचा मांजाही झाडात गुंततो. क्रियापद तेच. ही संकल्पना १९९० मध्ये विल्यम कान या अभ्यासकाने मांडली. उन्हाळी शिबिरातले प्रशिक्षक आणि वास्तुरचनाकारांच्या फर्ममधले लोक, अशा दोन ठिकाणी त्याने माणसं स्वतःला कामात किती ओततात ते पाहिलं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात असं त्याचं म्हणणं: काम अर्थपूर्ण वाटणं, मन मोकळं करायला सुरक्षित वाटणं, आणि ओतण्याइतकं अंगात शिल्लक असणं. धायरीचं काम अर्थपूर्ण होतं. सुरक्षित वाटत नव्हतं, आणि शिल्लक तर काहीच नव्हतं. आमच्या प्रश्नावलीत पहिल्यावर नऊ प्रश्न होते, बाकीच्या दोहोंवर मिळून एक.

गॅलप संस्थेच्या २०२५ च्या जागतिक अहवालातले आकडे वाचले तेव्हा मी ही टीमच डोळ्यापुढे आणली. पूर्णवेळ दूरून काम करणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोक कामात गुंतलेले, हायब्रिडवाले, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम करणारे, २३ टक्के. पण एकूण आयुष्य छान चाललंय म्हणणारे पूर्ण दूरस्थांमध्ये ३६ टक्के, हायब्रिडमध्ये ४२. गुंतणं वर, सुख खाली. आमचा तक्ता फक्त वरची ओळ दाखवत होता.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवासकंपनीच्या कॉल सेंटरमधला प्रयोग तर बहुतेकांना माहीत असतो. २०१० च्या शेवटी सुरू झालेला, नऊ महिन्यांचा, स्वतःहून तयार झालेल्या लोकांचा. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. एवढं सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही: त्या १३ तले बहुतेक टक्के जास्त मिनिटं काम केल्यामुळे आले, कारण लोकांनी सुट्ट्या आणि मधले ब्रेक कमी घेतले. आणि शेवटी पुन्हा निवड करायला सांगितल्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी आपली आधीची निवड बदलली. घर निवडलेल्यांनी परत येण्यामागे एकटेपणा हे मोठं कारण होतं.

आम्ही काय केलं

आधी चुका सांगते. २०२० पासून मी ‘फन फ्रायडे’ घेत होते, ऑनलाइन तांबोळा. शुक्रवारी साडेपाचला, क्लायंटच्या ऐन कामाच्या वेळी. लोक एका कानाने कॉल ऐकत दुसऱ्या कानाने आकडे ऐकायचे. कॅमेरा चालू ठेवायची सक्तीही माझीच. ड्राय बाल्कनीतला पोरगा मागे पांढरी चादर लावून बसायचा, हे मला वाकडला गेल्यावर कळलं.

जुलै २०२२ मध्ये सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिट्ससाठी नवा नियम आला, जास्तीत जास्त निम्म्या कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम करता येईल असा. आमची इमारत सेझमध्ये. व्यवस्थापनाला आयतं निमित्त मिळालं: बोलवा सगळ्यांना आठवड्यातून तीन दिवस. मी या टीमसाठी सहा महिने मागून घेतले आणि ऑक्टोबरात मंगळवार-बुधवार सुरू केले.

पहिला मंगळवार मी त्यांच्या मजल्यावरच बसले होते. अकरा माणसं, अकरा हेडफोन, सगळे एकाच खोलीत एकाच कॉलवर. एक जण बोलला की त्याचा आवाज आधी खोलीतून आणि मग अर्ध्या सेकंदाने कानातून यायचा. जेवायला प्रत्येक जण आपापल्या कॉलच्या सोयीने उठला. धायरी ॲक्टिव्हावर आली होती, बस नव्हतीच. चांदणी चौकातला जुना पूल त्याच महिन्याच्या सुरुवातीला पाडलेला, सगळी धूळधाण. दोन तास लागले. संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘आज मी घरीच होते, फक्त हिंजवडीला.’

तिसऱ्या आठवड्यात ते थांबवलं आणि टीमलाच विचारलं, एकच दिवस यायचं तर कोणता? मला वाटलं बुधवार म्हणतील. एकमताने गुरुवार आला. कारण गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी अर्ध्या पुण्यात पाणी बंद असतं, महावितरणची कामंही बहुतेक त्याच दिवशी निघतात, आणि ऑफिसात पाणीही असतं नि एसीही. कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

गुरुवारचे नियम थोडे होते. जेवणापर्यंत कॉल नाही. नव्या माणसाने जुन्याच्या शेजारी बसायचं आणि दोघांनी मिळून खरं तिकीट सोडवायचं, सरावाचं नाही. जेवण एकत्र, एकच्या ठोक्याला. आणि साडेसहाला गाडी: सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, जुन्याच मार्गाने धायरीपर्यंत. गाडीसाठी मी फायनान्सशी पाच आठवडे भांडले. एका दिवसासाठी गाडी कशाला, हा त्यांचा प्रश्न, आणि खर्चाच्या दृष्टीने चुकीचाही नव्हता.

रात्रीच्या मेसेजसाठी पाळी लावली. आठवडाभर एकच जण साडेसातनंतर उत्तर देणार, त्याबदल्यात एक दिवस सुट्टी. बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. पहिले दोन महिने धायरी पाळी नसतानाही उत्तर द्यायची. कोथरूडना सांगावं लागलं की तिला रागवा, आणि त्यांना रागावताच येईना.

आणि सर्व्हेच्या आधी एक पत्र काढलं, माझ्या वरिष्ठांच्या सहीचं: उत्तरं काहीही असोत, या टीमचं घरून काम पुढचं वर्षभर आहे तसंच राहील. प्रश्नही बदलले. गेल्या आठवड्यात लॅपटॉप सगळ्यात उशिरा किती वाजता मिटला? कामाव्यतिरिक्त सहकाऱ्याशी शेवटचं कधी बोललात? अडलात तर कोणाला विचारता, आणि उत्तर यायला किती वेळ लागतो?

निकाल

मे २०२३ च्या सर्व्हेत या टीमचा रकाना पिवळा आला. दोन चौकोन तर लाल. मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, तुम्ही तर यांच्यावर खास काम करत होता ना? मी म्हटलं, त्याचाच हा निकाल आहे. ते कोणाला पटलं असं वाटत नाही.

त्या वर्षी टीममधून एकच जण गेला. याचं श्रेय घ्यायला मला आवडलं असतं, पण तोवर बाजार थंड पडला होता आणि सगळीकडचेच राजीनामे कमी झाले होते. जास्त भरवशाच्या खुणा दुसऱ्या आहेत. २०२३ मध्ये दोन फ्रेशर आले, आणि आधीच्या फ्रेशरना एकट्याने तिकीट बंद करायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या साधारण निम्म्या वेळात ते करायला लागले, असं कोथरूडचं म्हणणं. रिलीजच्या आठवड्यात मात्र शेजारी बसून शिकवणं अजूनही सगळ्यात आधी बुडतं. कोथरूड संध्याकाळी सातला खोलीचं दार उघडून बाहेर येतात. निळे चौकोन पूर्णपणे गेले नाहीत, कमी झाले.

सीट्रिपच्याच कंपनीने पुढे हायब्रिडवर प्रयोग केला, तो २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. १,६१२ कर्मचारी, आठवड्यातले दोन दिवस घरून. नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले, कामगिरीच्या मूल्यमापनात फरक नाही. फायदा सगळ्यात जास्त कोणाला झाला? व्यवस्थापक नसलेल्यांना, स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना. धायरी या तिन्हींत बसते. आमच्याकडे दिवसांची विभागणी उलटी आहे, चार घरी आणि एक ऑफिसात, त्यामुळे ते आकडे मी आमच्यावर चिकटवत नाही.

लातूरचा प्रश्न मला सुटलेला नाही. तो महिन्यातून एक गुरुवार येतो, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. मजेत आहे. पण इकडे जेवताना ठरलेल्या गोष्टी त्याला दोन दिवसांनी कळतात, आणि गेल्या बढतीच्या चर्चेत त्याचं नाव कोणाच्या तोंडीच आलं नाही. कोणी मुद्दाम टाळलं नाही. आठवलाच नाही. मी बैठकीत होते, मलाही आठवला नाही. सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगातही घरून काम करणाऱ्यांना त्यांच्या कामगिरीच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या होत्या. आता बढतीच्या यादीत सगळी बारा नावं आधीच छापून नेते. इलाज जुजबी आहे, दुसरा सुचलेला नाही.

धायरीची पार्सलं थांबली. तिने वॉचमनला सांगितलं की गुरुवारी मी नसते, आणि मग कोणत्या दिवशी असते हे त्याच्या लक्षात राहीना. गुरुवारी ती साडेसहाच्या गाडीत मागच्या कोपऱ्यातली सीट धरते, चांदणी चौक येईपर्यंत शेजारणीशी बोलते, आणि चांदणी चौक ते नवले पूल झोपते. गाडी नवले पुलाला अडकली तर तिची हरकत नसते.

गाडीचं कंत्राट दर सप्टेंबरला संपतं. यंदाही फायनान्सकडून तीच मेल आली आहे: आठवड्यातून एक दिवस, सरासरी आठ प्रवासी, समर्थन द्यावे. त्याचं उत्तर लिहायला बसले होते, ते एवढं लांबलं. त्यांना पाठवायचं ते अर्ध्या पानात बसवायचं आहे.